दाखला मागणारे आणि 'मी' म्हणणारे

१

रॅप ऐकणाऱ्या आपल्या पोरांत एक प्रश्न हटकून निघतो. कुणी नवं गाणं ऐकवलं की ते संपायच्या आत दुसरा विचारतो, "भारी आहे, पण पोरगा कुठला?" म्हणजे वस्तीतला की फ्लॅटमधला? भोगलेला की ऐकून लिहिणारा? उत्तर मनासारखं आलं तर गाणं अस्सल, नाहीतर नकली. गाण्यात काय म्हटलंय, कसं म्हटलंय, कुणाच्या बाजूनं म्हटलंय, हे सगळं राहिलं बाजूला.

हा प्रश्न फालतू नाही. पण तो विचारायची जी रीत आहे ती आपल्या चांगल्याच ओळखीची आहे. गावात पाणी देण्याआधी, शहरात खोली देण्याआधी 'पूर्ण नाव काय?' असं विचारतात. नुसतं नाव चालत नाही, आडनाव लागतं. माणूस काय करतो हे नंतर, आधी तो कुठून आला. ही रीत मोडण्यात ज्यांच्या बापजाद्यांचे जन्म गेले त्यांनीच ती गाण्याच्या दारात पुन्हा उभी करावी, हे मला पटत नाही.

म्हणून मी पलीकडच्या गोटात जाऊन बसणार आहे असंही नाही. 'कलाकृती बघा, कलावंताचा जन्म कशाला बघता?' हा शहाजोग सल्ला प्रस्थापित समीक्षेनं आपल्याला फार वर्षं दिला. दलित लेखक 'मी' म्हणून लिहू लागले तेव्हा याच मंडळींपैकी कित्येकांनी नाक मुरडलं, की हे साहित्य नव्हे, ही हकीकत आहे, हा दस्तऐवज आहे. म्हणजे आपण आपला जन्म सांगितला की ती हकीकत, आणि त्यांनी त्यांचा वाडा, अंगण, तुळशीवृंदावन सांगितलं की ते विश्वात्मक! जन्म त्यांच्याही लिहिण्यात होताच. तो वेगळा सांगायची त्यांना गरज पडत नव्हती, एवढंच.

तेव्हा दोन्ही गोट सोडू आणि हा प्रश्न जिथं जन्मला तिथं जाऊन बघू. तो जन्मला अमेरिकेतल्या काळ्यांच्या वस्तीत. त्या वस्तीशी आपलं नातं आजचं नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. आपण नाव तिथून घेतलं आहे, तर तिथला हा वादही समजून घेतला पाहिजे.

२

न्यूयॉर्कचा ब्रॉंक्स. मोठा रस्ता काढण्यासाठी वस्त्या मधोमध चिरल्या, कारखाने गेले, गोरे उठून गेले, आणि सत्तरच्या दशकात रांगेनं घरं जळाली. विम्याच्या पैशासाठी मालकांनीच लावलेल्या आगीही त्यात होत्या. तिथं सेज्विक अव्हेन्यूवरच्या १५२० नंबरच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी, जमैकातून आलेल्या कूल हर्क नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं बहिणीनं ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर लांबवत न्यायचा आणि त्यावर माइकवरून बोलायचं, ही रीत त्यानं रूढ केली. त्या बोलण्यातून पुढं रॅप झाला.

आता हे बोलणं कसलं असतं ते बघा. कादंबरीतला 'मी' खोटा असला तरी चालतो, वाचकाला ते माहीत असतं. नाटकातला खुनी पडदा पडल्यावर चहा पितो. आपली लावणी घ्या. तिच्यातली 'मी' बाई असते, पण लिहिणारा बहुतेक वेळा पुरुष शाहीर. त्याला कुणी खोटारडा म्हणत नाही. रॅपचं तसं नाही. रॅपर गाण्यात स्वतःचं नाव घेतो. आपली गल्ली, आपला रस्ता, आपले मेलेले दोस्त, आपले वैरी यांची नावं घेतो. आपल्याकडे याला जुना शब्द आहे : नाममुद्रा. चोखोबानं अभंगात आपलं नाव घातलं, जनाबाईनं घातलं, वामनदादा कर्डकांच्या गाण्यात शेवटी 'वामन' येतो. ही सही असते. 'हे मी बोलतोय, काय करायचं ते करा' असं ती सांगते. चोखोबाची सही देवळाच्या पायरीपासून येते हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती अभंगाचे फक्त शब्द लागतात.

जिथं सही आहे तिथं ती कुणाची हे विचारावंच लागतं. सही नसलेल्या कलेत हा प्रश्न गैरलागू ठरेल, रॅपमध्ये तो कलेच्या आतूनच येतो. पार्श्वभूमी महत्त्वाची आहे का, तर आहे, आणि ती गाण्यातल्या 'मी'नं जेवढा दावा केला तेवढीच महत्त्वाची आहे. माझं म्हणणं एवढंच. बाकीचं त्याच्या पुराव्यादाखल.

पहिला पुरावा रॅपच्या पहिल्या मोठ्या तबकडीतच आहे. १९७९ साली 'रॅपर्स डिलाइट' नावाचं गाणं आलं आणि रॅप पहिल्यांदा जगभर वाजला. ते म्हणणाऱ्या तिघांतला एक बिग बँक हँक. हा पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि ब्रॉंक्सच्या ग्रँडमास्टर काझ या रॅपरचं व्यवस्थापन बघायचा. तबकडीसाठी त्यानं काझची वहीच उचलली. उचलली ती इतकी जशीच्या तशी की काझनं गाण्यात आपलं टोपणनाव एकेक अक्षर सुटं करून घातलं होतं, तेसुद्धा हँकच्या तोंडी तसंच राहिलं. दुसऱ्याची नाममुद्रा आपल्या तोंडात! हँक काही श्रीमंताघरचा नव्हता. ब्रॉंक्सचाच होता, रंगानं काळाच होता. दाखला मागितला असता तर त्याच्याकडे चोख दाखला निघाला असता. आणि तरीही त्या जगप्रसिद्ध गाण्यातला त्याचा 'मी' चोरीचा आहे. काझला त्यावर ना नाव मिळालं, ना पैसा.

जन्म खरा असून सही खोटी असू शकते, हे इथंच सिद्ध झालं.

३

आता उघड खोटे बोललेले दोघे घेऊ.

१९९० साली व्हॅनिला आइस या गोऱ्या रॅपरचं 'आइस आइस बेबी' अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिथं पोचलेलं ते पहिलं हिपहॉप गाणं. त्याचा 'टू द एक्स्ट्रीम' हा अल्बम सोळा आठवडे शिखरावर होता. कंपनीनं छापलेल्या चरित्रात हा मायामीच्या रस्त्यावर टोळ्यांत वाढलेला, काळ्यांच्या शाळेत शिकलेला पोरगा होता. नोव्हेंबरमध्ये डॅलसच्या एका दैनिकानं शोध घेतला तेव्हा निघालं की त्याची शाळेची वर्षं डॅलसजवळच्या उपनगरात गेली. लोक त्याला हसले, आणि त्याची रॅपर म्हणून इज्जत गेली ती गेलीच.

दुसरा रिक रॉस. हा काळा, मायामीकडचाच. त्यानं नाव घेतलं ते लॉस एंजेलिसमधल्या एका खऱ्या कोकेनवाल्याचं, आणि गायला तोही कोकेनचा मोठा व्यापारी असल्यासारखा. २००८ साली तुरुंग रक्षकाच्या गणवेशातला त्याचा फोटो बाहेर आला. नव्वदच्या दशकात सुमारे दीड वर्ष तो फ्लॉरिडाच्या तुरुंगात नोकरीला होता. आधी नाकारलं, मग कबूल केलं. पण याचं काहीच बिघडलं नाही. पुढच्याच वर्षी त्याचा 'डीपर दॅन रॅप' पहिल्या क्रमांकावर आला. खरा रिकी रॉस तुरुंगातून सुटून आला आणि नाव वापरल्याबद्दल २०१० साली कोर्टात गेला. २०१३ साली कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टानं निकाल दिला की रॅपरनं त्या नावात स्वतःची भर घालून नवी कला केली आहे, तिला अभिव्यक्तीचं संरक्षण आहे.

कायदा त्याच्या जागी ठीक. पण आपण टीकाकार आहोत, कोर्ट नाही. रॉसच्या खोटेपणात मला जे बोचतं ते वेगळं आहे. तुरुंगाची नोकरी आवडो न आवडो, हातावर पोट असलेल्या घरातली पोरं पोलिसात, लष्करात, तुरुंगात भरती होतात हे आपल्याही घरोघरी आहे. त्या पगाराची त्याला लाज वाटली. आणि ज्या मालानं काळ्यांच्या वस्त्या सडवल्या, तो विकल्याची खोटी शेखी त्याला मिरवावीशी वाटली. असं का, ते शोधायला त्याच्या मनात शिरायची गरज नाही, गल्ल्याकडे बघितलं की पुरे. १९९१ साली अमेरिकेत तबकड्यांची विक्री संगणकावर मोजायला लागले. त्यानंतर लगेच एन. डब्ल्यू. ए. या गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, आणि कंपन्यांना कळलं की गोऱ्या उपनगरांतली पोरं हा माल किती घेतात. त्या गिऱ्हाईकाला तुरुंग रक्षक नको होता. त्याला त्याच्या खोलीत सुरक्षित बसून ऐकायला 'खरा' गुन्हेगार हवा होता.

इथं मला बाबुराव बागुलांची आठवण होते. 'जेव्हा मी जात चोरली होती' हा त्यांचा संग्रह १९६३ चा. त्यातला माणूस रेल्वेच्या नोकरीच्या गावी जात लपवून राहतो, आणि कळल्यावर मार खातो. तोही खोटं बोलला. व्हॅनिला आइसही खोटं बोलला. काटेकोर नीतीवाले म्हणतील, दोन्ही खोटंच. मी म्हणतो, खोट्याची दिशा बघा. बागुलांचा माणूस डोक्यावर छप्पर मिळावं म्हणून वरच्यांत मिसळतो, आणि उघडं पडल्यावर त्याची किंमत स्वतःच्या अंगावर घेतो. व्हॅनिला आइस विक्री व्हावी म्हणून खालच्यांत मिसळतो, आणि उघडा पडल्यावर त्याचे पैसे त्याच्याकडेच राहतात. एकानं जात चोरली ती जगण्यासाठी, दुसऱ्यानं दैन्य चोरलं ते विकण्यासाठी. ज्या समाजात पोरांना जात चोरावी लागते त्याच समाजात काहींना दैन्य चोरणं परवडतं, हे विसरून 'अस्सल-नकली'चा वाद घालणं म्हणजे नुसती करमणूक.

४

आता उलट बाजू. ज्यानं स्वतः केलं नाही, त्यानं गायलेलं खरं असू शकतं का?

वस्तीच्या जगण्यावरचं रॅपमधलं सर्वांत थोर गाणं कुठलं असं विचारलं तर अजूनही पुष्कळ जण १९८२ च्या 'द मेसेज'चं नाव घेतील. त्यावर नाव आहे ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्यूरिअस फाइव्ह यांचं. पण फ्लॅशचा त्या गाण्याच्या घडणीत जवळजवळ हात नाही. ते मुख्यतः लिहिलं एड फ्लेचर यानं. ड्यूक बूटी म्हणून तो ओळखला जायचा. कंपनीच्या स्टुडिओतला तालवादक, इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेला, राहायला ब्रॉंक्समध्ये नव्हे तर न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावात. पुढं तो शिक्षक झाला आणि २०२१ मध्ये वारला. ब्रॉंक्सच्या पोरांना आधी हे गाणं नकोच होतं. पार्टीत नाचायला येणाऱ्याला घरचं रडगाणं कशाला ऐकवायचं, असं त्यांना वाटायचं. शेवटी त्यांच्यातला मेली मेल तयार झाला. त्यानं आपलं जुनं, १९७९ चं एक कडवं त्याला जोडलं आणि ते गाणं उभं राहिलं.

पदवीधर माणूस, शेजारच्या गावचा, त्यानं ब्रॉंक्सचं लिहिलं. मग ते नकली का? गाणं ऐकून बघा. त्यात 'मी अमुकतमुक केलं' अशी शेखी नाही. आजूबाजूला काय दिसतं, त्यानं माणूस कसा कडेला येतो, हे आहे. त्या 'मी'नं साक्षीचा दावा केला आहे, आणि साक्ष द्यायला तो पुरेसा जवळ होता. काळ्या माणसाला ते बघायला दुसऱ्या खंडातून यावं लागत नाही.

आइस क्यूबचं तेच. १९८८ च्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मधले कितीतरी शब्द त्याचे आहेत. तो लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रलचा. बसनं दूरच्या गोऱ्या भागातल्या शाळेत जायचा, आणि गाणी लिहायला लागल्यावर मधे एक वर्ष फिनिक्सला जाऊन इमारतींचे आराखडे काढायला शिकून आला. त्याच गटातला ईझी-ई, त्यानं मात्र खरोखर माल विकला होता. पण ईझीच्या तोंडचे शब्द बऱ्याचदा क्यूबनं लिहिलेले. म्हणजे ज्यानं केलं तो लिहू शकत नव्हता, आणि ज्यानं लिहिलं त्यानं ते केलं नव्हतं. दोघांच्या मध्ये एक वस्ती होती आणि अनुभव तिच्या मालकीचा होता. १९८९ साली एफ.बी.आय.च्या अधिकाऱ्यानं या गटाच्या कंपनीला तक्रारीचं पत्र धाडलं. त्याला काही हे नकली वाटलं नसावं.

आणि केंड्रिक लमार. कॉम्प्टनमध्येच वाढला, टोळीत गेला नाही. २०१२ चा त्याचा 'गुड किड, मॅड सिटी' हा अल्बम याच गोष्टीवर उभा आहे, की आजूबाजूला आग आहे आणि मधल्या पोराला जळायचं नाही. त्यानं टोळीवाला असल्याचं सोंग घेतलं असतं तर तो रिक रॉस झाला असता. त्यानं आपली खरी जागा सांगितली : बघणारा, घाबरणारा, कधी ओढला जाणारा. २०१८ साली त्याला पुलित्झर मिळालं. पुरस्काराचं मला कौतुक नाही. पण भोगणारा आणि बघणारा यांच्यामधली ती जागा प्रामाणिकपणे सांगितली, तर तिच्यातूनही मोठी कला होते, हे त्यानं दाखवून दिलं.

५

ही मधली जागा आता आपल्यापैकी पुष्कळांची आहे, म्हणून इथं जरा थांबतो.

एका शिबिरात रात्री जेवणं झाल्यावर याच विषयावर वादावादी झाली. एकजण म्हणाला, "ज्यानं भोगलं नाही त्यानं तोंड उघडू नये." दुसरा हळूच म्हणाला, "मग मी पण नको उघडू का? माझा बाप बँकेत आहे." सगळे गप्प झाले. त्याला उत्तर द्यायचं कुणाला सुचलं नाही, आणि विषय बदलला.

मला त्या वेळी एक सिनेमा आठवत होता. २००२ चा 'एट माइल'. गोरा एमिनेम त्यात डेट्रॉइटच्या गरीब गोऱ्या पोराचं काम करतो. शेवटी रॅपचा सामना आहे. समोर काळा रॅपर. गोरा पोरगा आधी स्वतःचीच सगळी लक्तरं वेशीवर टांगतो. समोरच्याला बोलायला काही ठेवतच नाही. इथवर झकास. स्वतःचा खरा दाखला स्वतःच वाचला की कुणी भीती घालू शकत नाही. एमिनेमनं खऱ्या आयुष्यातही काळा असल्याचं सोंग कधी घेतलं नाही, म्हणून तो टिकला. पण यानंतर तो काय करतो? समोरच्या काळ्या पोराचं खरं नाव जाहीर करतो, आणि सांगतो की हा खाजगी शाळेत शिकला आहे, याचे आईबाप नीट एकत्र नांदतात. गर्दी हसते. काळा पोरगा माइक घेऊन तसाच उभा राहतो. त्याला शब्द सुचत नाही. गोरा जिंकतो.

दोस्तांनो, या दृश्याला टाळ्या वाजवण्याआधी ते आपल्या भाषेत आणून बघा. आपला एक पोरगा व्यासपीठावर उभा आहे, आणि त्याला हरवण्यासाठी कुणी सांगतो की हा चांगल्या शाळेत गेला, याचा बाप दारू पीत नाही, याच्या घरी दोन वेळा जेवण शिजतं. आणि आपण हसतो! बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द सगळ्यांत आधी ठेवला. ज्या आयांनी धुणीभांडी करून पोरं शिकवली त्या काय आपली पोरं नकली करत होत्या? काळा माणूस गरीब, अडाणी, टोळीतला असेल तरच खरा, ही व्याख्या काळ्यांनी केलेली नाही. दलित माणूस चिखलात असेल तरच खरा, ही व्याख्याही आपली नाही. तो वर आला की 'आता कसला दलित' म्हणणारे आणि तो खाली असताना पाणी न देणारे, बहुतेक वेळा एकाच घरातले असतात.

टुपॅक शकूरचंही असंच केलं गेलं. १९७१ साली जन्मला. आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर. न्यूयॉर्कच्या एकवीस पँथरांवरच्या खटल्यातून ती सुटली आणि महिन्याभरात हा जन्मला. पोरगा बाल्टिमोरच्या कलाशाळेत नाटक, कविता, बॅले शिकला. पुढं त्याला टोमणे मारले गेले, की नाच शिकलेला पोरगा कसला गुंड? जणू पँथर बाईच्या पोरानं शेक्सपिअर वाचला तर तो तिचा पोरगा राहत नाही. १९९६ साली, पंचविसाव्या वर्षी तो गोळ्यांनी मेला. गुंडाईचं जे रूप त्यानं पांघरलं होतं त्याची किंमत त्यानं दिली. पण त्यातली किती त्याची स्वतःची गरज होती आणि किती बाजाराची मागणी, हा हिशोब टोमणे मारणाऱ्यांनी कधी मांडला नाही.

त्या बँकवाल्याच्या पोराला माझं सांगणं असं : तू तोंड उघड. पण आजीच्या डोक्यावरची पाटी स्वतःच्या डोक्यावर असल्याचं सोंग आणू नकोस. बापानं बँकेत पहिल्या दिवशी काय ऐकलं, कॉलनीत घर घेताना काय झालं, वर्गात निकालाच्या दिवशी तुझ्याकडे कोण कसं बघतं, ते गा. ते कुणीच गायलेलं नाही. ती तुझी सही आहे.

६

अस्सलपणाचा हट्ट धरणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगायची आहे. या हट्टात त्यांचा मोठा सोबती आहे : सरकारी वकील.

अमेरिकेत रॅपरांच्या ओळी त्यांच्याच विरुद्ध पुरावा म्हणून कोर्टात वाचल्या जातात. २०२२ साली जॉर्जिया राज्यात यंग थग या रॅपरवर आणि इतरांवर टोळीचा खटला भरला. २०२३ च्या नोव्हेंबरात न्यायाधीशांनी त्याच्या काही ओळी पुरावा म्हणून वाचायला परवानगी दिली. २०२४ च्या ऑक्टोबरात गुन्हा कबूल करून तो सुटेपर्यंत अडीच वर्षं तुरुंगात गेली. कॅलिफोर्नियात याच भीतीपोटी २०२२ साली अशा वापराला आवर घालणारा कायदा करावा लागला. जॉनी कॅश या गोऱ्या गायकानं १९५५ साली गाण्यात 'मी' म्हणून माणूस मारला होता. त्याच्या दारात त्या ओळींसाठी पोलीस गेले नाहीत. गोऱ्याचा 'मी' ही कल्पना, काळ्याचा 'मी' हा कबुलीजबाब! 'रॅपमधलं सगळं खरंच असलं पाहिजे' असं आपण म्हणतो तेव्हा तोच कागद पोलिसाच्या हातात देतो.

इकडं काही वेगळं नाही. ३१ डिसेंबर २०१७ च्या पुण्याच्या एल्गार परिषदेनंतर जी फिर्याद झाली तिच्यात तिथल्या गाण्या-घोषणांचा उल्लेख होता, आणि २०२० च्या सप्टेंबरात कबीर कला मंचाच्या तिघा कलावंतांना अटक झाली. २०२३ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात राज्यकर्त्यांवर रॅप केला म्हणून दोन तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले. त्यांची सही किती खरी हे तपासायला पोलीस ठाण्यानं वेळ लावला नाही.

म्हणून दावा आणि कल्पना यांच्यात फरक करायला आपणच शिकलं पाहिजे. उपमा म्हणजे कबुली नव्हे, ही गोष्ट पोलिसाला समजावून सांगण्याआधी आपल्या टीकेत ती यायला हवी.

७

आणि अस्सल असून तरी काय मिळतं? तमिळनाडूच्या अराकोणमचा अरिवू घ्या. चेन्नईच्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'मधून पुढं आलेला. २०२१ च्या मार्चमध्ये आलेलं 'एन्जॉय एन्जामी' त्यानं लिहिलं, धी या गायिकेबरोबर म्हटलं. श्रीलंकेच्या चहामळ्यात राबून परत धाडलेल्या आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेलं जग त्यानं त्यात आणलं. गाणं देशभर गाजलं. ऑगस्टमध्ये एका मोठ्या संगीत नियतकालिकाच्या भारतीय आवृत्तीनं त्या यशाचं मुखपृष्ठ केलं. त्यावर धी होती, दुसरा एक रॅपर होता, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी उघड निषेध केला तेव्हा देशाला कळलं. आजी अरिवूची, शब्द अरिवूचे, आणि चित्रातून गळाला तोच. बाजाराला वेदनेचा दाखला हवा असतो, दाखलेवाला हवाच असतो असं नाही.

म्हणून मी म्हणतो, 'पोरगा कुठला' या एका प्रश्नावर थांबू नका. तो पहिला प्रश्न असू द्या, शेवटचा नको. त्याच्यापुढं विचारा, की गाण्यातला 'मी' नेमका कशाचा दावा करतो? भोगल्याचा, बघितल्याचा, की सोबत असल्याचा? आणि तो दावा त्याच्या जागेला पेलतो का? मग विचारा, हे गाणं खरं ठरलं तर किंमत कोण देणार आणि पैसा कोण नेणार? आणि शेवटी, वस्ती या गाण्यात माणसांची आहे, की गिऱ्हाईकाला दाखवायला मांडलेला माल आहे? वस्तीत जन्मलेला पोरगाही वस्तीला माल करू शकतो, आणि करतो. आयाबहिणींना शिव्या घालून 'हेच आमचं वास्तव' म्हणणारा आपला असला तरी त्याला माफी नाही. जन्मानं त्याला माहिती दिली. सूट दिलेली नाही.

१९७३ च्या पँथरच्या जाहीरनाम्यात 'दलित' या शब्दात कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे धरले होते. ती यादी रक्ताची नव्हती, बाजूची होती. पण बाजू घेणाऱ्यानं बाजूला उभं राहून बोलावं, आपल्या जागी बसून नव्हे. बाहेरचा माणूस आपल्या बाजूनं गायला तर आनंद आहे. त्यानं आपला 'मी' मात्र घेऊ नये. तो एवढाच आपल्याकडे आहे, आणि तो फार उशिरा, फार मार खाऊन हाती आला आहे.

हे ज्यांना पटत नाही त्यांनी पुढच्या अंकात खोडून काढावं. पण आधी गाणी ऐकावीत, पूर्ण.

जय भीम.